व्हेंडिंग मशीनचं प्रदर्शन बघून आलो. कोकम सरबताचं मशीन मालवणात चालेल?

कोकम_आगळ (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. कुडाळपासून थोडं आत आमचा घरचा छोटा कारखाना आहे. कोकम सरबत, आगळ (कोकमाचा घट्ट रस), काजूगर, आंबापोळी, फणसपोळी. वर्षभर डोक्यात एक किडा वळवळतोय. मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी माणसं उन्हात ताटकळत असतात, तिथे थंड सरबताचं मशीन ठेवायचं. क्यूआर स्कॅन केला की बाटली खाली. दुकान नको, गल्ल्यावर माणूस नको.

घ्यायचं तर आधी बघायला हवं, म्हणून गेल्या आठवड्यात मावसभावाला घेऊन कोकणकन्येने मुंबई गाठली. गोरेगावला नेस्कोत खाण्यापिण्याच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं, त्यात व्हेंडिंगवाल्यांच्या दोन गल्ल्या. दोन दिवस तिथेच पायांचे तुकडे पाडले. पिशवीत आमच्याच मालाचे नमुने होते: काजूची २०० ग्रॅमची पाकिटं आणि सरबताच्या छोट्या बाटल्या.

पहिली गल्ली म्हणजे निव्वळ चहा-कॉफी. प्रीमिक्स करणारे, प्रीमिक्सची मशीनं करणारे, त्या मशीनांना लागणारे कागदी कप करणारे, आणि ते कप करायचं मशीन विकणारे. अकरा वाजेपर्यंत माझे सहा कप 'वेलची चाय' झाले होते. मावसभाऊ म्हणाला, आता माझंच बटण कुणीतरी बंद करा.

दुसऱ्या गल्लीत खरी मजा. काचेच्या दाराची स्प्रिंगवाली मशीनं, विमानतळावर असतात तशी. सॅनिटरी पॅडची भिंतीला लावायची छोटी मशीनं आणि शेजारी ती पॅड जाळायच्या भट्ट्या. पाण्याचं एटीएम, दुधाचं एटीएम, डोळ्यांदेखत संत्री चिरून रस काढणारं मशीन, आणि आइस्क्रीमचा कोन हातात देणारा रोबोचा हात. गर्दी सगळी त्या हातासमोर, पण घेणारा एकही नाही, सगळे व्हिडिओवाले. मशीन नसलेले स्टॉलही पुष्कळ होते. कुणी नुसती पेमेंटची डबी विकतो, कुणी बोर्ड, कुणी सॉफ्टवेअर, ज्यात कुठल्या मशीनचा कुठला कप्पा रिकामा झाला ते घरी मोबाइलवर दिसतं. आणि गल्लीच्या टोकाला फ्रँचायझीवाले. 'मशीन आमचं, जागा आमची, तुम्ही फक्त पैसे गुंतवा.' त्यांच्या स्टॉलवर मशीन होतं, पण बंद. चालू करून दाखवा म्हटलं तर ब्रोशर हातात दिलं.

आता मुख्य गोष्ट. एका स्प्रिंगवाल्या स्टॉलवर विचारलं, माझा माल टाकून बघू का? पोरगा भला होता. त्याने दार उघडलं, ट्रे ड्रॉवरसारखा पुढे ओढला, चिप्सची पाकिटं काढली आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत माझी काजूची पाकिटं एकेक करून उभी केली. दार लावलं. मी २४ दाबलं. मोटर घुर्र करून फिरली, स्प्रिंगने एक वेढा पुरा केला, पाकीट कडेपर्यंत आलं, पुढे झुकलं आणि तिथेच लोंबत राहिलं. वरचा सील केलेला कोपरा पुढच्या वेढ्यात अडकलेला. पोराने काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. ढिम्म. मग तळहाताने एक दणका दिला, तेव्हा पडलं. "सर, पाऊच थोडा रुंद आहे."

मग बाटली. ती सुटली झकास, पण वरच्या ट्रेवरून जी आली ती थेट बुचावर. खालचा फ्लॅप उचलून बघतो तर पांढऱ्या तबकात लालभडक कोकम, आणि बाटली काढताना त्या पोराच्या शर्टाच्या बाहीवर चार थेंब. कोकमाचा डाग कसा असतो ते इथे सांगायला नको. तो हसला बिचारा. मी मात्र पुढचा अर्धा तास त्या गल्लीत फिरकलो नाही.

पलीकडच्या स्टॉलवर लिफ्टवालं मशीन होतं. पाळणा वर जातो, बाटली अलगद घेतो, खाली आणून ठेवतो. साध्या मशीनला मला दोन लाखांच्या पुढे सांगितले होते, या लिफ्टवाल्याला जवळजवळ दुप्पट, वर जीएसटी. मावसभावाने दंडाला धरून बाहेर काढलं.

खिशात ३१ कार्डं घेऊन परत आलोय आणि आता कळतंय की मी सगळ्यांना 'केवढ्याला' एवढंच विचारत फिरलो. जाणकारांनी सांगावं: खाऱ्या हवेत हे किती पावसाळे काढेल? लाईट गेली की काय? आणि स्टॉलवाल्यांना नक्की विचारायचं काय असतं?

लाल_डबा · रविवार, रात्री १०:०५

वाचतोय. तो रोबोचा हात आमच्या स्टँडवर बसवा, सुट्टे पैसे परत देत असेल तर.

स्पॅनर_पाना · रविवार, रात्री १०:४०

रत्नागिरीत फ्रीज-एसीची कामं करतो, २२ वर्षं झाली. व्हेंडिंगची मशीनं हातून गेली ती सात-आठच, पण आत शेवटी फ्रीजच असतो.

आगळभाऊ, तुम्ही मशीन पुढून बघितलंत. मागून बघायचं. खालची जाळी काढायला लावायची आणि कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग, बघायचा. बहुतेकांत तांब्याच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. जेटीसारख्या जागी दोन पावसाळ्यांत त्यांची पांढरी पावडर होते, बोट लावलं की झडते. मग हवा खेळत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि तुम्ही मला फोन करता, 'गॅस गेला वाटतं'. गॅस जागेवरच असतो. पट्ट्यांवर एपॉक्सीचा थर दिलेला कंडेन्सर मिळतो, तो मागा. देत नसेल तर किनाऱ्यावर ठेवायचं मशीन त्याच्याकडून घेऊ नका.

पत्र्याचं. 'स्टेनलेस आहे' म्हणाला की लगेच विचारायचं, ३०४ की ३१६? ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तेच जास्त तग धरतं. ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येणार. बहुतेक मशीनांचं अंग मात्र साध्या पत्र्याचं आणि वरून पावडर कोटिंग. ते वाईट नाही, पण स्क्रूसाठी भोक पाडलेलं असतं तिथून गंज आत शिरतो. डिलिव्हरी झाली की त्या दिवशीच प्रत्येक भोकात ग्रीस.

आणि पाल. हसू नका. बोर्डापाशी ऊब असते, पाल जाऊन बसते, आणि पावसाळ्यात एक दिवस तिचे पाय दोन टोकांवर पडतात. पाल गेली, बोर्डही गेला. नव्या बोर्डाचा भाव ऐकून एका मालकाने मेलेल्या पालीलाच शिव्या घातल्या होत्या माझ्यासमोर. बोर्डावर वॉर्निशसारखा संरक्षक थर आहे का ते विचारा, आणि वायर आत जाते ती भोकं बुजवून घ्या. मुंग्यांचंही तेच, त्यात तुमचं सरबत सांडणार म्हणताय.

नव्या मशीनांत बऱ्याचदा आर-२९० गॅस असतो, म्हणजे प्रोपेन. थंडावा चांगला देतो आणि भरावा लागतो थोडाच. पण दुरुस्तीला आलेला पोरगा पेटता टॉर्च घेऊन सरळ नळीला भिडायला लागला तर आधी त्याला बाहेर काढा, मग मला फोन करा.

तारकर्लीची_लाट · सोमवार, सकाळी ७:१५

मशीन हाडशात ता बरां असा, पण जेटीर सरबत विकणाऱ्या आमच्या काकीचा काय? ती गिऱ्हाईकाचा तोंड बघून साखर कमी-जास्त करता. तुमचा मशीन करतला?

कोकम_आगळ · सोमवार, सकाळी ८:३०

काकीच्या पोटावर पाय द्यायचा नाही हो. तिला आगळ आमच्याकडूनच जातं! ती चार-पाचला टोपली उचलते, मशीन त्यानंतरचं आणि तिच्या सुट्टीचं. असं मी म्हणतोय खरा, पण प्रश्न बरोबर आहे.

@स्पॅनर_पाना, मागून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांनी मशीन भिंतीला चिकटवून ठेवलं होतं.

जुना_चाकरमानी · सोमवार, दुपारी १:२०

भिंतीला चिकटवतो ते मुद्दामच. :) मी मूळचा देवगडचा, नोकरी मुंबईत, आणि ती अशाच एका कंपनीच्या स्टॉलवर उभं राहून मशीनं विकायची. नाव सांगणार नाही. टेबलाच्या अलीकडून कसं दिसतं तेवढं सांगतो.

तीन बाय तीनचा स्टॉल, म्हणजे नऊ चौरस मीटर. त्याचं भाडं, वर विजेचे किलोवॅटच्या हिशेबाने वेगळे पैसे. तीनशे किलोचं धूड आदल्या रात्री पॅलेट ट्रॉलीवरून ओढत आणायचं आणि लेव्हल लावून चारही पाय समतल करायचे, कारण मशीन जरा कललं की पाकिटं एका अंगाला झुकून अडकतात. मग माल भरायचा, आणि तो आम्ही पडणाराच निवडतो. स्प्रिंगच्या मापाची पाकिटं, ट्रे अर्धाच भरलेला, काच पुसलेली. हॉलला एसी. तेव्हा डिस्प्लेवर चार डिग्री बघून भुलू नका. मे महिन्यात मालवणात पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता चार डिग्री दाखवलं तर मी मानेन.

येणाऱ्यांची आम्ही मनात चाळण लावतो. 'केवढ्याला' म्हणणाऱ्याला ब्रोशर. 'दिवसाला किती व्हेंड (म्हणजे किती नग खपतील) धरू' म्हणणाऱ्याला खुर्ची. 'मोटर गेली तर सुटी मिळेल का, केवढ्याला, आणि माणूस कुठून येणार' असं विचारलं की चहा येतो आणि साहेबांना फोन जातो. स्वतःचा माल पिशवीत घेऊन येणारा वर्षात एखाददुसरा, आणि त्याला आम्ही खरं सांगायचे तर घाबरतो. तुमच्या बाटलीने जे केलं ते आमच्या डेमो मशीनला परवडत नाही.

पैशाचं विचाराल तर नोटांनी आम्हाला फार छळलं. २०१६ च्या नोव्हेंबरात जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या. पुढे २०१७ मध्ये नवी ५० ची आणि २०० ची, २०१८ मध्ये १० ची आणि १०० ची, २०१९ मध्ये २० ची. दरवेळी आकार वेगळा, रंग वेगळा, की नोट वाचणाऱ्या डबीला पुन्हा शिकवा. लोकांचा समज असा की यूपीआयने आमचं काम सोपं केलं. केलंच. पण क्यूआरवाल्या मशीनच्या पोटात सिमकार्ड असतं, आणि रेंज गेली की गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि स्प्रिंग मात्र हलत नाही. जेटीवर चार वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन दिवसभर उभे राहा, कुठलं टिकतं ते वहीत लिहा, मगच डबी घ्या.

अजून एक प्रश्न पाठ करून या: 'पेमेंटची डबी एमडीबीवर चालते का?' नाणं, नोट, कार्ड, क्यूआर यांच्या डब्या आणि मशीनचा बोर्ड एकमेकांशी बोलतात त्याची ही ठरलेली पद्धत आहे, बऱ्याच देशांत चालणारी. एमडीबी असेल तर उद्या या डबीवाल्याने दुकान बंद केलं तरी दुसऱ्याची डबी बसते. नसेल तर तुम्ही त्या बोर्डवाल्याचे कायमचे जावई, आणि मान मात्र जावयाचा नाही.

फ्रँचायझीवाल्यांबद्दल मी बोललो तर माझीच नोकरी जाईल. आगळसाहेबांनी बंद मशीन पाहिलंय ना, तेवढं पुरे.

संपादक · सोमवार, दुपारी ३:००

'घरबसल्या दरमहा' छापाचा एक प्रतिसाद आणि त्यातला फोन नंबर काढून टाकला आहे. धाग्यावर विक्री नको.

लाल_डबा · सोमवार, दुपारी ३:०४

अरेरे, मी स्क्रीनशॉट काढणार होतो.

वाशिष्ठी_काठ · सोमवार, रात्री ९:३०

चिपळूणहून. माझी कहाणी सांगतो, वाचून झालं की मग मशीन घ्या.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर एका कॉलेजात स्प्रिंगवालं मशीन ठेवलं, सेकंडहँड. सुरुवातीला पोरं नवलाईने रांग लावायची. महिन्याभरात ती ओसरली आणि दिवसाला १८-२० व्हेंडवर गाडी थांबली. २० रुपयांच्या पाकिटामागे मला सुटायचे चार-पाच रुपये. म्हणजे दिवसाचे शंभर धरा. त्यातून वीज, जागेचं भाडं, सॉफ्टवेअरचे महिन्याचे पैसे, आणि दर तिसऱ्या दिवशी माल भरायला माझ्या स्कूटरचं पेट्रोल. माझा वेळ धरलाच नाही, धरला असता तर रडलो असतो.

प्रदर्शनात एक गोष्ट कुणी सांगत नाही. मशीन ठेवणारा तो मालक नव्हेच, माल भरणारा हमाल. सोमवारी जाऊन बघावं तर पाण्याच्या बाटल्या संपलेल्या आणि खारे शेंगदाणे जसेच्या तसे. बुधवारी उलटं. एका मशीनसाठी माणूस ठेवता येत नाही आणि दहा मशीनं घ्यायला पैसे नसतात. जे यात टिकलेत त्यांची एका रस्त्यावर वीस-पंचवीस मशीनं आहेत, टेम्पो एकदा निघाला की सगळी भरून येतो. पुण्या-मुंबईत हे जमतं. आपल्याकडे एक मशीन जेटीवर, दुसरं घाटाच्या पायथ्याला.

मार्च २०२० ला कॉलेज बंद झालं ते झालंच. कुलूप उघडून आत जायला मिळालं तेव्हा सगळ्या पाकिटांच्या तारखा उलटून गेलेल्या. सगळा माल खड्ड्यात पुरला. पुन्हा जम बसवायचा म्हणून मशीन उचलून बाजारपेठेतल्या गाळ्यात आणून ठेवलं, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आली. बाकी तुम्हाला माहीत आहे. पाणी उतरल्यावर काचेच्या आतून चिखलाची रेघ दिसत होती, वरून दुसऱ्या ट्रेपर्यंत. त्यावर एक चॉकलेट स्प्रिंगमध्ये तसंच उभं, कोरडं ठणठणीत.

आता लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चहा-कॉफीचं मशीन चालवतो. तीन पाळ्या, कप कंपनीच्या हिशेबात, माल म्हणजे प्रीमिक्सच्या पिशव्या, नासत नाहीत. हे चालतं. आगळभाऊ, तुम्ही ज्या गल्लीला हसलात ना, धंदा त्या गल्लीत आहे.

ताम्रपट · मंगळवार, सकाळी १०:१०

अवांतर: जगातलं पहिलं व्हेंडिंग मशीन तीर्थाचं होतं. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. देवळात नाणं टाकायचं, ते आतल्या पट्टीच्या टोकावर पडतं, पट्टी त्या वजनाने कलते, दुसऱ्या टोकाला झडप उचलली जाते आणि हातावर पाणी. नाणं घसरून पडलं की झडप बंद. मोटर नाही, सिम नाही.

आणि कुणी विचारायच्या आत जपान: २००० च्या सुमारास तिथे ५६ लाख मशीनं होती, आता ४० लाखांच्या घरात आली आहेत. म्हणजे त्यांच्याकडेही कमीच होतायत.

तारकर्लीची_लाट · मंगळवार, सकाळी १०:४०

तीर्थाचा मशीन गावात हाडू नुको हां, मानकऱ्यांची भांडणा आधीच मिटनत नाय.

गुहागरची_सून · मंगळवार, दुपारी ४:१५

आमचा होमस्टे आहे, पाच खोल्या. पाहुण्यांना रात्री अकराला काय लागतं ते मी सांगते: पाण्याची बाटली, मच्छर अगरबत्ती, पॅड, मोबाइलची केबल आणि पोरांना काहीतरी गोड. कोकम सरबत रात्री अकराला कुणी मागितलेलं मला आठवत नाही, माफ करा.

त्या स्टॉलवर कॅमेरेवाला फ्रीज होता का, दार उघडून हवं ते घ्यायचं आणि पैसे आपोआप कापले जातात तो? आमच्याकडे तोच आहे, फक्त कॅमेरा नाही. ओसरीवर साधा काचेचा फ्रीज, वर भावाचा कागद, बाजूला क्यूआर आणि दोरीला बांधलेलं पेन नि वही. दोन सीझन झाले. पहिल्या दिवाळीत ३४० रुपयांचा फरक आला, तो एका ग्रुपचा होता आणि कुणाचा ते मला माहीत आहे. बाकी वहीत लोक बाटलीसोबत अभिप्रायही लिहून जातात. एका लहान मुलाने 'आज ३ आंबापोळ्या खाल्या, बाबांना सांगू नका' लिहून पैसे मात्र बाबांच्या फोनवरून केले होते. आगळभाऊ, आंबापोळी तुमचीच होती बहुतेक, कुडाळचा पत्ता होता पाकिटावर. चव छान. पाकीट मात्र फाडताना दातच लावावे लागतात.

मशीन ठेवायचंच असेल तर चेन्नईसारखं ठेवा. तिथे कोयंबेडूच्या बाजारात २०२२ मध्ये दहा रुपयांत कापडी पिशवी देणारं मशीन बसवलं. आमच्या किनाऱ्यावर त्याची गरज सरबतापेक्षा जास्त आहे.

परदेशस्थ_भाकरी · मंगळवार, रात्री ११:५०

उशिरा आलो. मूळ वेंगुर्ल्याचा, सध्या टेक्सासात. ऑफिसच्या पँट्रीचं काम माझ्याकडे होतं म्हणून २०२४ च्या मे महिन्यात डॅलसला नामाच्या प्रदर्शनाला गेलो होतो. नामा म्हणजे तिथल्या व्हेंडिंगवाल्यांची संघटना, १९३६ पासूनची.

आगळ, तुझं लिखाण वाचताना एक गोष्ट खटकली. तू सांगितलेल्या दोन गल्ल्यांत मशीनवाले आहेत, डबीवाले आहेत, कपवाले आहेत. मशीनच्या आत जे जातं ते विकणारे कुठे आहेत? डॅलसला स्टॉलांचा मोठा भाग त्यांचाच होता. चिप्स, सुका मेवा, मांसाच्या सुकवलेल्या काड्या, थंड पेयं. ते मशीन विकत नाहीत, मशीन चालवणाऱ्यांना माल विकतात. स्टॉलवर फुकट वाटप, लोक पिशव्या भरून नेतात (मीही नेल्या). आणि प्रत्येकाच्या पाकिटाचं माप मशीन बघून ठरवलेलं. मी एका बदामवाल्याला विचारलं, दुकानातलं पाकीट एवढं मोठं आणि हे एवढंसं का? त्याने खालून एक स्प्रिंगचा तुकडा काढला, त्यात पाकीट उभं केलं आणि हाताने फिरवून पाडून दाखवलं. मशीन नव्हतंच त्याच्याकडे. नुसती स्प्रिंग.

वाशिष्ठीभाऊ म्हणतात ते खरं, एक मशीन परवडत नाही. मग ज्याची पंचवीस आहेत त्याच्या मशीनात तुझे काजू का नाही जात? तू त्या प्रदर्शनात बघ्या म्हणून गेलास. तुझी जागा टेबलाच्या पलीकडे होती.

जुना_चाकरमानी · बुधवार, सकाळी ९:०५

भाकरीसाहेबांनी वर्मावर बोट ठेवलं. मशीन चालवणारे आम्हाला सतत विचारतात, चिप्स-बिस्किटांपलीकडे काही आहे का, आयटीवाले कंटाळलेत. काजू त्यांना हवाच असतो. पण २०० ग्रॅम नको, ३०-४० ग्रॅम, पन्नाशीच्या आत किंमत. पाकीट अरुंद आणि ताठ, वरचा सील सरळ कापलेला, लोंबता कोपरा नको. आणि मागे तारीख निदान चार महिने पुढची. सरबताची बाटली मात्र सध्या विसरा. सोलकढी तर काढूही नका, ती दुपारनंतर मशीनमध्येच बोलायला लागेल.

स्पॅनर_पाना · बुधवार, सकाळी ९:३०

मी इतकं कंडेन्सरचं लिहिलं ते वाया म्हणायचं.

कोकम_आगळ · बुधवार, रात्री १०:१५

वाया कसं, त्या प्रतिसादानेच जेटीचं मशीन डोक्यातून उतरायला सुरुवात झाली. बायको म्हणते पानावाल्या दादांना एक आगळाची बाटली द्या.

दोन दिवस हिशेब मांडतोय. २०० ग्रॅमच्या एका पाकिटाऐवजी ४० ग्रॅमची पाच म्हणजे पाऊचचा खर्च चढणार, सीलिंगचा वेळ पाचपट. पण तुकडा काजू, जो आम्ही आत्ता पडेल भावाने मिठाईवाल्यांना देतो, तो मसाला लावून छोट्या पाकिटात बसतो. गुहागरच्या ताईंचं पाकिटाचं बोलणं लागलं, पण खरं आहे, फाडायची खाच आम्ही ठेवतच नाही. ती आता सगळ्याच पाकिटांना येईल.

अडचण एकच. माप ठरवायला स्प्रिंग हवी. दर वेळी गोरेगावला जाऊन त्या पोराच्या शर्टावर प्रयोग करता येणार नाहीत. सुटा ट्रे कुठे मिळतो का?

वाशिष्ठी_काठ · बुधवार, रात्री १०:२२

माझं पुरातलं मशीन अजून गोठ्यात पडलंय. खालचे ट्रे गेले, वरचे दोन शाबूत. घेऊन जा. पैसे नकोत, काजू द्या.

कोकम_आगळ · तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:००

धागा वर काढतोय. वाशिष्ठीभाऊंकडून ट्रे आणला. मोटरी मेल्या होत्या, म्हणून मावसभावाने स्प्रिंगच्या मागच्या टोकाला ड्रिल मशीन जोडलं, अगदी हळू फिरवत. ट्रे माळ्याच्या कठड्याला बांधला आणि खाली गोधडी. पहिला पाऊच साडेपाच इंच रुंद: ५० पैकी ११ अडकले. तोच पाच इंचाचा केला, सहा अडकले. मग आईने बघून सांगितलं की पाकिटात हवा कमी आहे म्हणून ते मान टाकतायत. हवा वाढवून भरली, ५० पैकी दोन. त्यातला एक माझ्या चुकीने तिरका लावला होता. माळ्यावरून काजू पडताहेत म्हटल्यावर शेजारची पोरं रोज संध्याकाळी गोधडीभोवती बसायला लागली आहेत.

चाकरमानीदादांनी पुण्याच्या एका मशीनवाल्याशी बोलणं करून दिलंय. तो म्हणाला, शंभर पाकिटं पाठवा, पाच ऑफिसांत लावून बघतो. सोमवारी एसटीच्या पार्सलने जातील. पुढच्या प्रदर्शनात नऊ मीटरचा स्टॉल परवडणार नाही, पण चाकरमानीदादा म्हणतात त्यांच्या मशीनच्या एका ट्रेत आमचा माल डेमोला लावतील.

बाटलीचं डोक्यातून गेलेलं नाही. बुच बदलून बघायचंय, त्यासाठी उंचावरून पाडायला दुसरा ट्रे लागेल. वाशिष्ठीभाऊ, तो अजून आहे का?

वाशिष्ठी_काठ · शनिवार, रात्री ९:२०

आहे. पण यावेळी चिखल तुम्ही काढायचा. आणि ते चॉकलेटही अजून आत आहे, ते माझं.